माशी, मासा आणि लाख

मराठी नव्याने शिकणाऱ्या माणसापुढे ‘मासा’ आणि ‘माशी’ हे दोन शब्द ठेवले, तर घोडा-घोडी, मुलगा-मुलगी यांच्या जोरावर तो दुसऱ्याला बेधडक पहिल्याचं स्त्रीलिंग ठरवील. त्याला हसण्यात अर्थ नाही. ‘माशांना’ आणि ‘माश्यांना’ यांतला फरक कागदावर दिसतो, पण भरभर बोलताना तो आपल्यालाही कुठे ऐकू येतो? खरं तर दोघांची घराणी निराळी. मासा आला ‘मत्स्य’वरून, माशी आली ‘मक्षिका’वरून. प्राकृतात एकाचं ‘मच्छ’ झालं, दुसरीचं ‘मच्छिआ’. मराठीने आपल्या सवयीप्रमाणे त्या ‘च्छ’चा ‘स’ केला आणि पुढे ‘ई’ आली तिथे ‘श’. वत्साचं वासरू, इक्षूचा ऊस, कुक्षीची कूस, क्षुरिकेची सुरी हे सगळे याच वाटेने आलेले. हिंदीने ‘मक्षिका’ची ‘मक्खी’ केली आणि ‘मत्स्य’ची ‘मछली’, त्यामुळे तिथे गोंधळाला जागाच उरली नाही.

हा योगायोग मला आठवतो तो एका परदेशी छंदाविषयी वाचताना. माशी दाखवून मासा धरायचा, असा तो छंद. इंग्रजीत त्याला ‘फ्लाय फिशिंग’ म्हणतात. गळाच्या बारीकशा आकड्यावर पीस, लोकर, रेशमाचा धागा, चंदेरी तार असं काहीबाही गुंडाळून कीटकासारखं किंवा पिटुकल्या माशासारखं सोंग तयार करायचं. वजन म्हणाल तर या सोंगाला जवळजवळ नाहीच, म्हणून ते लांब फेकायला वजनदार दोरी लागते आणि ती दोरी हवेत खेळवायला लवचिक काठी. वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडचा उत्तर-पश्चिम भाग इथल्या नद्यांवर उन्हाळ्यात हा उद्योग रात्रभर चालतो, कारण तिथे ज्याच्या मागे माणसं लागलेली असतात तो समुद्री ट्राउट दिवसाउजेडी अतिशय बुजरा असतो. काठावर माणसाची सावली हलली तरी तो झाडांच्या मुळांखाली जाऊन बसतो. अंधार पडला की तोच मासा डोहाच्या शेपटाकडे, उथळ पाण्यात येतो.

वेल्समधली टवी ही या कामासाठी नावाजलेली नदी. इंग्रजी नकाशांवर ती ‘टौई’ अशी भेटते. संपूर्णपणे वेल्सच्या हद्दीत वाहणारी ही सर्वांत लांब नदी, सुमारे १२० किलोमीटरची, कार्मार्थन गावाखाली समुद्राला मिळते. जम्मूच्या तवीशी हे नाव कानाला किती जुळतं! व्युत्पत्तीच्या नादी लागलेल्या माणसाला असं काही सापडलं की तो लगेच पूल बांधायला घेतो. बांधू नये. नुसत्या नादसाम्यावर नाती जुळवायची नसतात, हे पथ्य पुढे आपल्याला लागणार आहे.

जूनअखेरीला तिथे सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, पण अंधार म्हणावा असा अंधार व्हायला आणखी दीडेक तास जातो. एवढा लांबलेला संधिप्रकाश असल्यावर त्याला खास नाव असणारच. स्कॉटिश बोलीत ‘ग्लोमिंग’ हा शब्द आहे. जुन्या इंग्रजीतल्या ‘ग्लोम’ म्हणजे सांजवेळ या शब्दाचा तो वंशज. आणखी उत्तरेला शेटलंड बेटांवर जूनची रात्र पुरती काळी होतच नाही, त्या रात्रीच्या उजेडाला तिथले लोक ‘सिमर डिम’ म्हणतात. आपल्याकडे तिन्हीसांजा आणि दिवेलागण फार वेळ टिकत नाहीत, तरी शब्दांची श्रीमंती कमी नाही. कातरवेळ, सांजवेळ, करकरीत तिन्हीसांज. मात्र आपल्या या शब्दांमध्ये हुरहूर आहे, अपशकुनाची धास्ती आहे. ग्लोमिंगमध्ये गळ टाकणाऱ्याला धास्ती असते ती एकच, घाईची. जाणते लोक सांगतात की समोरच्या काठावरचं गवत हिरवं दिसतंय तोवर पाण्याला हात लावू नये. आधीच दोरी टाकली की डोह बुजतो आणि मग रात्र फुकट.

या रात्रीचं शास्त्र लिहून ठेवलं ह्यू फॉकस या इंग्रजाने. दुसऱ्या महायुद्धात तो वैमानिक होता, शत्रूच्या कैदेत राहून आला, पुढे निसर्गावरचे चित्रपट केले आणि कंब्रियातल्या एस्क नदीच्या काठी राहून रात्री जागवल्या. ‘सी ट्राउट फिशिंग’ हे त्याचं पुस्तक १९६२ सालचं, आणि १९७५ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. त्याने रात्रीचे भाग पाडले आणि त्यांना नावं दिली ती थेट फुटबॉलच्या मैदानावरची. अंधार पडल्यापासून मध्यरात्रीच्या आसपासपर्यंत ‘पहिला हाफ’. मग मासे थंडावतात, तो ‘हाफ टाइम’, त्यात माणसाने काहीतरी खाऊन घ्यावं. आणि मग पहाटेपर्यंत ‘दुसरा हाफ’. नवखे लोक हाफ टाइमला कंटाळून घरी जातात, आणि मोठा मासा दुसऱ्या हाफमध्ये लागतो, असं तो बजावतो. आपल्या गळांना त्याने दिलेली नावंही मासलेवाईक आहेत. एकाचं नाव ‘मेडिसिन’, म्हणजे औषध. दुसऱ्याचं ‘सीक्रेट वेपन’, गुप्त अस्त्र. संस्कृत नाटककाराला शोभतील अशी ही नावं एका बोटभर पिसाला.

आता मराठीत अशा गोष्टीला आपण ‘आमिष’ म्हणू. इथे भाषेची एक गंमत आहे. संस्कृतात आमिष म्हणजे मुळात मांस. माशाला, पाखराला, श्वापदाला भुलवायला मांसाचा तुकडा लावतात, म्हणून भुलवण्याची वस्तू ती आमिष. हा अर्थविस्तार संस्कृतातच झालेला. मराठीत आज मांस हा अर्थ फक्त ‘सामिष’ आणि ‘निरामिष’ या जोडीत उरलाय. एरवी आमिष नोकरीचं असतं, लग्नाचं असतं, दामदुपटीचं असतं आणि ते पोलिसांच्या बातमीत असतं. पिसाची माशी म्हणजे मग निरामिष आमिष! त्यावर कडी म्हणजे ज्याला ती दाखवायची तो मासा उपाशीपोटी असूनही जेवणारा नव्हे. ट्राउटचा भाऊबंद जो सामन (salmon), तो समुद्रातून नदीत शिरला की खाणं सोडतो. समुद्रात साठवलेल्या चरबीवर तो महिनोन्‌महिने काढतो, अंडी घालण्याची वेळ येईपर्यंत. समुद्री ट्राउटही नदीत फारसं खात नाही. मग तो त्या पिसावर तोंड का टाकतो? जुनी सवय, राग, कुतूहल, प्रत्येक गळवाल्याचं उत्तर वेगळं.

या पिसांपैकी एक आपल्या सह्याद्रीतून गेलेलं आहे. एकोणिसाव्या शतकात सामनसाठी भरजरी ‘माश्या’ बांधायची चढाओढ लागली. ‘जॉक स्कॉट’ ही त्यातली सगळ्यांत प्रसिद्ध. तिच्या बाजूला डोळ्यासारखं चमकणारं जे पीस लागतं, ते राखी रानकोंबड्याच्या मानेवरचं. हा पक्षी पश्चिम घाटात आणि दक्षिण भारतात राहतो. महाबळेश्वर-कोयनेच्या रानात पहाटे त्याची तुटक बांग ऐकलेले वाचक असतील. त्याच्या मानेवरच्या पिसांच्या टोकांना मेणाचा थेंब वाळल्यासारखी पिवळी-पांढरी चकाकी असते. इंग्रजी अमदानीत ही कातडी ढिगाने विलायतेला गेली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पाखराला संरक्षण मिळालं, आणि आता तिकडच्या छांदिष्टांची गरज तिथेच पाळलेल्या कोंबड्यांवर भागते. योगायोग असा की इसवी सन २००च्या सुमाराला ईलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या एका नदीवर अशा गळाचं जे वर्णन केलंय, त्यातही तांबडी लोकर आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं आहेत. पिसाच्या माशीचं आपल्याला ठाऊक असलेलं सर्वांत जुनं वर्णन हेच.

गळ टाकणाऱ्याला इंग्रजीत ‘अँगलर’ म्हणतात. १४९६ साली लंडनजवळ छापल्या गेलेल्या मासेमारीवरच्या इंग्रजीतल्या पहिल्या पुस्तिकेच्या नावातच ‘अँगल’ आहे. भूमितीतला कोन मनात आणू नका, तो लॅटिनवरून वेगळ्या वाटेने आला. हा ‘अँगल’ म्हणजे जुन्या इंग्रजीतला ‘अंगुल’, अर्थ गळाचा आकडा. त्याचं मूळ भारत-युरोपीय धातूत आहे, अर्थ वाकणे. त्याच धातूचं आपल्याकडचं अपत्य म्हणजे ‘अंक’, म्हणजे बाक, आकडी, आणि म्हणून बसल्यावर शरीराला जो बाक येतो ती मांडीही. ‘अंकुश’ही तिथलाच. ग्रीकांनी त्यातून नांगर घडवला, तोच इंग्रजीचा ‘अँकर’. जर्मनीच्या उत्तरेला ‘आंगल्न’ नावाचा भूभाग आहे, तिथून जे लोक ब्रिटनमध्ये गेले त्यांच्यावरून इंग्लंडला नाव पडलं. आणि त्या भूभागाला ते नाव किनाऱ्याच्या आकडीसारख्या बाकावरून पडलं असावं, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. ते खरं असेल तर ‘आंग्ल’ आणि ‘अंकुश’ एका रक्ताचे. स्वातंत्र्यलढ्यातल्या एखाद्या वक्त्याला हे कळलं असतं तर त्याने सभेत टाळ्या घेतल्या असत्या.

मराठीने मात्र या कुळातला सगळ्यांत कामसू शब्द घडवला, तो ‘आकडा’. ज्याला काही अडकवायचं तो आकडा. कागदावर मांडायचा तोही आकडा. संस्कृत ‘अंक’मध्ये बाक, खूण आणि संख्या हे तिन्ही अर्थ होते, ते आपण एकाच शब्दात जपले. विजेच्या तारेवर टाकतात तो आकडा आणि मटक्याला लावतात तो आकडा यांचा उगम एकच, हे दोन्ही व्यवसायांतल्या लोकांना बहुधा माहीत नसेल. संस्कृतात माशाच्या गळाला ‘बडिश’ असा खास शब्द होता. सुश्रुताने शस्त्रक्रियेच्या एका आकडीला तेच नाव दिलं. मराठीने तो शब्द टाकून दिला आणि ‘गळ’ घेतला. गळ टाकतात, गळाला लावतात आणि ओळखीच्या माणसाला गळ घालतातही. कोकणात त्याच्या जोडीला ‘गरी’ आहे आणि तिच्यापासून ‘गरवणे’ हे देखणं क्रियापद. इंग्रजी ‘अँगलिंग’ला मराठी प्रतिशब्द शोधणाऱ्यांनी ‘गळमासेमारी’ वगैरे जोडशब्द बनवू नयेत. ‘गरवणे’ तयार आहे, मालवणपासून गोव्यापर्यंत चालू आहे.

आणि मग हा मासा. या सगळ्या खटाटोपाचा खरा खजिना त्याच्या नावात आहे, म्हणून इथे जरा ऐसपैस बसू.

समुद्री ट्राउट ही वेगळी जात नाही. ओढ्यात जन्मभर राहणारा तपकिरी, ठिपक्यांचा ट्राउट आणि समुद्रावर जाऊन चांदीसारखा पांढरा होऊन परतणारा हा मासा शास्त्राच्या दृष्टीने एकच. भावंडांतलं एक घरी राहतं, एक परदेशी जातं. काश्मीरच्या ओढ्यांत १९०० साली स्कॉटलंडहून अंडी आणून जो ट्राउट सोडला, तोही हाच, पण त्याच्या नशिबी समुद्र नाही. लोकांनी मात्र नावं ठेवली ती कपड्यांवरून. वेल्श भाषेत ओढ्यातला ट्राउट ‘ब्रिथिल’, म्हणजे ठिपकेदार. समुद्रावरून आलेला ‘ग्विन्येदिन’, त्यात ‘ग्विन’ म्हणजे पांढरा. वेल्समधले इंग्रजी बोलणारे त्याला ‘स्यूइन’ म्हणतात. हा शब्द सोळाव्या शतकापासून कागदावर आहे, पण कुठून आला ते कोणालाच सांगता आलेलं नाही. डेव्हन-कॉर्नवॉलमध्ये तोच मासा ‘पील’, स्कॉटलंडमध्ये लहान असेल तर ‘फिनॉक’, सीमेवरच्या नद्यांत ‘हर्लिंग’, आयर्लंडमध्ये नुसता ‘पांढरा ट्राउट’. सामनच्या वयोमानाप्रमाणे पार, स्मोल्ट, ग्रिल्स, केल्ट अशी नावं पडतात. त्यातला ग्रिल्स, म्हणजे समुद्रात एकच हिवाळा काढून उन्हाळ्यात नदीला लागणारा तरणा सामन, या रात्रीच्या गळांना अधूनमधून लागतो. यांतल्या बहुतेक शब्दांच्या जन्मकथा अंधारातच आहेत. बोंबील, मांदेली, शिंगाळा यांच्याकडे पाहिलं की कळतं, माशांची नावं ही कोळ्यांनी ठेवलेली असतात, पंडितांनी नव्हे.

‘सामन’ या शब्दाचा माग लागतो तो लॅटिन ‘साल्मो’पर्यंत. पहिल्या शतकातला प्लिनी सांगतो की आक्विटेनियात, म्हणजे आजच्या नैर्ऋत्य फ्रान्समध्ये, समुद्रातल्या कुठल्याही माशापेक्षा नदीतला साल्मो अधिक पसंत करतात. ‘साल्मो’ला ‘उडी मारणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाशी जोडायची फार जुनी हौस आहे, आणि धबधब्यावर उडी घेणारा सामन पाहिला की ती व्युत्पत्ती पटतेही. पण रोमनांच्या स्वतःच्या नद्यांत हा मासा नव्हता. त्यांनी मासाही आणि नावही बहुधा गॉल लोकांकडून घेतलं. फ्रेंचांनी त्यातला ‘ल’ गिळला आणि ‘सोमों’ केलं. तेच इंग्लंडात जाऊन ‘सामोन’ झालं. पुढे विद्वानांनी लॅटिनची आठवण म्हणून लिहिण्यात ‘ल’ परत आणला, बोलण्यात तो काही आला नाही. आपल्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर ‘सॅल्मन’ असतो आणि आपण तो ‘ल’ ठणकावून म्हणतो. इंग्रजाला ते चुकीचं वाटेल. प्लिनीला वाटलं नसतं. त्याच मेन्यूकार्डावर ‘इंडियन सॅल्मन’ म्हणून जो मिळतो तो आपला रावस. त्याचं आणि सामनचं काहीही नातं नाही. इंग्रजांना नव्या देशात जुनी नावं चिकटवायची सवय होती, एवढंच.

साल्मो इंग्लंडात येण्याआधी तिथे या माशाला ‘लेअक्स’ म्हणत. जर्मन ‘लाक्स’, स्कँडिनेव्हियातला ‘लाक्स’, लिथुआनियन ‘लाशिशा’, रशियन ‘लोसोस’, आणि न्यू यॉर्कच्या ज्यू खानावळीतला ‘लॉक्स’ हे सगळे सख्खे. इथवर ही युरोपची घरगुती गोष्ट होती. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चिनी तुर्कस्तानच्या वाळवंटात, कुचा वगैरे ठिकाणी, तोखारी नावाच्या मेलेल्या भाषेतली हस्तलिखितं सापडली. त्यात ‘लक्स’ हा शब्द निघाला. अर्थ नुसता ‘मासा’. जिथून समुद्र हजारो कोस दूर, तिथे सामनचं नाव कसं पोचलं? भाषाशास्त्रज्ञांनी उत्तर काढलं की मूळ भारत-युरोपीय भाषेतच हा शब्द होता; बोलणारे लोक पांगले, मासा मागे राहिला, शब्द सोबत गेला. आणि सामन ज्या नद्यांत सापडतो त्या बाल्टिक आणि उत्तर समुद्राकडे वाहतात, तेव्हा या लोकांचं मूळ वतनही तिथलंच. ‘सामनचा मुद्दा’ म्हणून हा युक्तिवाद प्रसिद्ध झाला.

तो सर्वांत जोमाने मांडला पाउल थीमे या जर्मन पंडिताने, १९५०च्या दशकात. थीमे आपल्याला परका नाही. १९३२ ते १९३५ तो अलाहाबाद विद्यापीठात शिकवत होता आणि पाणिनी व वेद यांवरचं त्याचं पुस्तक तिथूनच १९३५ साली निघालं. संस्कृत व्याकरणात मुरलेल्या या माणसाने विचारलं, शब्द तोखारीपर्यंत गेला, मग संस्कृतात का नाही? आणि त्याला तो दिसला: ‘लक्ष’. एक लाख! नदीच्या चढणीला लागलेल्या सामनचा थवाच्या थवा, मोजता न येणारा, म्हणजे ‘लक्ष’. पुढे मासा विसरला गेला, संख्या उरली. एवढ्यावर न थांबता ‘लाक्षा’ म्हणजे लाखही त्याने त्याच माशाकडे नेली, कारण सामनचं मांस लालसर. म्हणजे लक्षाधीशाचा लाख आणि पांडवांना जाळायला बांधलेल्या घराची लाख, दोन्ही एकाच माशाच्या पोटातून निघाले.

ध्वनींच्या दृष्टीने यात अडत काही नाही. मूळ भाषेत जो ‘क’-‘स’ यांचा जोड होता, त्याचा संस्कृतात ‘क्ष’ होतो. लॅटिन ‘डेक्स्टर’ आणि आपला ‘दक्षिण’ हे त्याचं रोजचं उदाहरण. अर्थाच्या बाजूनेही दाखले आहेत. प्राचीन इजिप्तमध्ये एक लाख ही संख्या लिहायला बेडकाच्या पिल्लाचं, पाण्यात वळवळणाऱ्या शेपटीवाल्या पिल्लाचं चित्र काढीत. आणि आपली मोठ्या संख्यांची यादी पाहा. ११५०च्या सुमारास भास्कराचार्यांनी लीलावतीत दिलेल्या संख्यांमध्ये अब्ज आहे, म्हणजे पाण्यात जन्मलेलं. महापद्म आहे, म्हणजे कमळ. जलधी आहे, म्हणजे समुद्र. मोठी संख्या सांगायची म्हटली की आपले पूर्वज बरेचदा पाण्याकडे वळत. तिथे एखादा मासा असला तर बिघडलं कुठे?

तरीही मला हे पटत नाही. पहिलं कारण, ऋग्वेदात ‘लक्ष’ येतो तो संख्या म्हणून नव्हे. दुसऱ्या मंडलातल्या इंद्राच्या प्रसिद्ध सूक्तात जिंकणारा जुगारी ‘लक्ष’ उचलतो. तिथे अर्थ आहे डावावर लावलेला पण. तो अर्थ ‘लक्ष्’ म्हणजे खूण करणे, टिपणे या धातूशी सहज जुळतो. लक्षण, लक्ष्य, लक्ष देणे, सगळे त्याच घरातले. खुणेवरून संख्या होणं ही भाषेची जुनी चाल आहे, आपल्या ‘अंका’नेच ती दाखवली. दुसरं, इजिप्तच्या दाखल्यावर फार भार टाकता येत नाही. चिनी लिपीत दहा हजारांसाठी जी खूण आहे ती मुळात विंचवाची. पण चिनी माणसाने विंचवांचा थवा मोजला म्हणून नव्हे, तर दोन शब्दांचा उच्चार सारखा होता म्हणून ती उसनी घेतली. तिसरं, जो मासा एकाही संस्कृत ग्रंथात पोहलेला नाही, त्याच्या मांसाचा रंग लाक्षेला देणं म्हणजे फारच लांबची दोरी फेकणं. लाक्षा अथर्ववेदापासून आपल्याकडे आहे, झाडावर आहे, किड्यांसकट आहे. ‘असंख्य किडे म्हणून लाख’ ही गावठी व्युत्पत्तीही सिद्ध नाही, पण ती निदान झाडापाशी उभी राहून केलेली आहे.

मराठी ‘लाख’ शब्दाची आणखी एक खोड इथे सांगून टाकतो. माशीच्या नियमाने तो ‘लास’ व्हायला हवा होता. झाला ‘लाख’. मराठीत ‘क्ष’ची ही दुसरी वाटही आहे: रक्षेची राख, भिक्षेची भीक, शिक्षणाचं शिकणं. एकाच भाषेत ‘क्ष’ कधी ‘स’ तर कधी ‘ख’ का, हा प्रश्न ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरच्या आपल्या फ्रेंच ग्रंथात शंभरेक वर्षांपूर्वीच हाताळलाय आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

थीमेच्या लाखापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते त्याच्यानंतर जे झालं ते. रिचर्ड डीबोल्ड या अमेरिकी अभ्यासकाने १९७६ साली आणि पुढे १९८५च्या पुस्तकात माशांचं शास्त्र आणि भाषांचं शास्त्र एकत्र वाचलं. काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांना मिळणाऱ्या नद्यांत सामन नाही. पण समुद्रातून चढून येणारा ट्राउट आहे. आणि नेमक्या त्याच बाजूच्या भाषांमध्ये या शब्दाचा अर्थ ट्राउट असा आहे. कॉकेशसमधल्या ओसेटी भाषेत ‘लसग’ म्हणजे ट्राउट; आर्मेनियनमध्ये ‘लोसदी’, तोही ट्राउट. डीबोल्डचं म्हणणं, शब्द मुळात याच माशाचा. लोक उत्तरेला-पश्चिमेला सरकले, तिथे तशाच रुपेरी, पण आकाराने मोठ्या माशाशी गाठ पडली, आणि जुनं नाव त्यांनी त्याला दिलं. मग ‘सामनचा मुद्दा’ उलटा फिरतो. बाल्टिकची गरज उरत नाही. काळ्या समुद्राच्या उत्तरेचं गवताळ मैदान हे मूळ वतन मानलं तरी शब्द जागेवर बसतो, आणि गेल्या दशकातल्या प्राचीन जनुकांच्या अभ्यासांनी त्याच मैदानाकडे बोट दाखवलंय. माझं मत विचाराल तर डीबोल्ड बरोबर आहे. युरोपभर लाक्स म्हणून मिरवणाऱ्या सामनकडे जे नाव आहे ते समुद्री ट्राउटचं.

आज त्या सामनची अवस्था बरी नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने डिसेंबर २०२३मध्ये त्याला ‘चिंता नाही’ या वर्गातून काढून ‘धोक्याच्या उंबरठ्यावर’ या वर्गात टाकलं; २००६ ते २०२० या काळात त्याची जगभरची संख्या २३ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अंदाज आहे. ब्रिटनमधला सामन तर ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेलाय. वेल्समध्ये २०२०पासून गळाला लागलेला प्रत्येक सामन पाण्यात परत सोडणं कायद्यानेच बंधनकारक आहे. लाखाचे बारा हजार व्हायला आलेले पाहिल्यावर सुचलेलं हे शहाणपण.

समुद्रातून नदीत चढणारे मासे आपल्याकडेही आहेत. पावसाळ्यात खाडीतून वर जाणारा पाला, बंगाल्यांचा लाडका हिलसा, हा त्यांतला. आणि गोड्या पाण्यातले कितीतरी मासे पहिल्या पावसाच्या लोंढ्याबरोबर ओढ्यांतून, शेतांतून उलटे चढतात. दक्षिण कोकणात त्यांना चढणीचे मासे म्हणतात, ठाणे-रायगडात वलगणीचे. शास्त्रीय इंग्रजीत समुद्रातून नदीत चढणाऱ्या माशांसाठी ‘वर’ आणि ‘धाव’ हे दोन ग्रीक शब्द जोडून एक भारदस्त संज्ञा केली आहे. ‘चढण’मध्ये ते दोन अक्षरं कमी खर्चून साधलंय. या चढणीच्या रात्रींचा, बत्त्या घेऊन ओढ्यावर जाणाऱ्या माणसांचा, त्यांच्या जाळ्यांचा, गऱ्यांचा, पाण्याच्या आवाजाचा, माशांच्या वयाप्रमाणे बदलणाऱ्या नावांचा मराठी शब्दसंग्रह मोठा असणार. शब्दकोशांत त्यातला फार थोडा आलाय. ज्या वाचकांच्या घरात अजून गरवणारी, पाग टाकणारी, वलगणीला जाणारी माणसं आहेत, त्यांनी येत्या जूनमध्ये त्यांच्याशेजारी बसून हे शब्द उतरवून घ्यावेत. शब्दाखाली गावाचं आणि ओढ्याचं नाव जरूर लिहावं, आणि अर्थ आपल्या मनाने न सुधारता सांगणाऱ्याच्याच तोंडचा लिहावा.